अनामिकेचा पंचम

माझी बायको अनुश्री हिनं कीबोर्डवरून फडकं फिरवलं, डावीकडून उजवीकडे, एका दमात, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर सुरांची एक लांब रांग उमटली. रविवार होता, सकाळचे अकरा. मी शेजारी चहा घेऊन बसलो होतो. रेकॉर्डिंगचं लाल बटण चालू राहिलं होतं, एवढंच झालं होतं. ह्या कीबोर्डला स्वतःचा आवाज नाही. पट्टी दाबली की तो लॅपटॉपला फक्त कळवतो, कुठली पट्टी दाबली आणि किती जोरानं. जोराला एक ते एकशे सत्तावीसमधला आकडा देतो, आणि आवाज मग लॅपटॉप काढतो. फडक्याचे आकडे मी सवयीनं वाचत गेलो. एकसष्ट, चौसष्ट, साठ, त्रेसष्ट. मधल्या सप्तकातल्या त्या दोन पट्ट्यांपाशी माझी नजर थांबली. तिथंही बासष्ट आणि चौसष्ट. ज्या दोन पट्ट्या मेलेल्या आहेत असं मी चार दिवसांपूर्वी सबंध जिल्ह्याला कळवलं होतं, त्या जुन्या साडीच्या फडक्याला व्यवस्थित उत्तर देत होत्या. चहा गार होईपर्यंत मी तसाच बसून राहिलो. अनुश्री फडकं झटकायला बाहेर गेली होती.

पहिला संशय मी फडक्यावर घेतला. फडकं ओलं असेल, तिचा हात जड असेल, पाच-सहा पट्ट्या एकदम दाबल्या गेल्यानं आकडे मिसळले असतील. मी संशयी माणूस आहे. ही कबुली म्हणून सांगत नाही, माझं पोट त्यावर चालतं. हिंगोलीच्या एका सरकारी कार्यालयात मी गेली चौदा वर्षं शिक्षकांच्या रजेचे वैद्यकीय दाखले तपासतो. पेरणीच्या आठवड्यात आलेली कंबरदुखी, लग्नसराईतली कावीळ, मेहुण्याच्या गृहप्रवेशाला उमटलेला टायफॉइड, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं आणि मी शाईचा रंग बघतो, सही बघतो, तारीख बघतो. आजारी माणूस मी कधी बघितलेला नाही, फक्त दाखला बघतो. एखादा मास्तर समोर येऊन हात पुढं करून सांगू लागला, साहेब, बघा, खरंच उचलत नाही, तर मी म्हणतो, हात ठेवा खाली, कागद द्या. लोकांना वाटतं मी खडूस आहे. मला वाटायचं मी फसत नाही.

तर पट्ट्या. मी उठून दार लोटलं, लाल बटण पुन्हा दाबलं आणि त्या दोन पट्ट्या डाव्या हाताच्या तर्जनीनं वाजवल्या. सत्तर, बहात्तर. उजव्या हाताच्या तर्जनीनं वाजवल्या. अडुसष्ट, एकाहत्तर. मग उजवा हात नेहमीसारखा ठेवला, जसा वयाच्या सातव्या वर्षापासून ठेवत आलोय तसा, आणि षड्जापासून वर गेलो. पंचमाला एकोणीस. धैवताला अकरा. पुन्हा गेलो. एकवीस, नऊ. मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. खोलीत कोणी नव्हतं तरी पुसलं.

आमच्या घरची शिस्त अशी की पंचम अनामिकेचा आणि धैवत करंगळीचा. बाकीचे पेटीवाले करंगळी दुमडून ठेवतात, चार बोटांत संसार करतात. माझे वडील, अण्णा, म्हणायचे, देवानं पाच दिलीत ती काय जेवायला? गायकाचा सूर वर असो की खाली, अण्णा पेटीच्या पट्ट्यांचा सांगाडा सरकवून घ्यायचे, बोटं सरकवायचे नाहीत. मीही तेच करतो. कीबोर्डवर सूर सरकवायचं एक बटण असतं, ते दाबलं की माझा हात जिथल्या तिथं. त्यामुळं माझी अनामिका जन्मभर एकाच पट्टीवर पडत आली आहे आणि करंगळी तिच्या शेजारच्या पांढरीवर. कीबोर्ड बदलला तरी त्याच दोन पट्ट्या. तिन्ही कीबोर्डांत त्याच दोन पट्ट्या नेमक्या कशा बिघडल्या, हा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तरही मी काढलं होतं. उत्तर असं की दुकानदार योगेश राठोड एकाच लॉटमधला दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकतो.

वजनदार पट्ट्यांचं वेड मला योगेशनंच लावलं, हेही माझ्या आरोपपत्रात होतं. मी घरच्या घरी भजनी मंडळांना, कीर्तनकारांना, लग्नात गाणाऱ्यांना साथीचे ट्रॅक करून देतो. गेल्या वर्षी एका गायिकेनं चारचौघांत म्हटलं, सरांचे ट्रॅक सुरात असतात पण मशीन वाजवल्यासारखे वाटतात. ते मला लागलं. योगेशच्या दुकानात गेलो तर तो म्हणाला, "सर, तुमी पेटीवाले. पेटीत जीव भात्यात असतो, बोट नुसतं दार उघडतं. हितं भाता न्हाई. हितं जेवढं बोट बोलंल तेवढंच. हलक्या पट्टीवर समदे सूर सारखेच येतात, तुमाला वजनाची पट्टी पायजे." बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणूनच मनात पाल चुकचुकली. विकणारा माणूस इतकं खरं काहून बोलतो? मी तीन आठवडे मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचले. चांगले अभिप्राय पैसे देऊन लिहून घेतलेले असणार आणि वाईट अभिप्राय दुसऱ्या कंपनीनं, असं धरून चाललो तर हातात काहीच उरेना. शेवटी त्याच्याकडूनच पहिला नेला, निम्म्या वजनाच्या पट्ट्यांचा. पंचम-धैवत मऊ आले. तो परत केला आणि पूर्ण वजनाचा आणला, आतमध्ये हातोडीसारखी दांडी असलेला, खालच्या पट्ट्या जड आणि वर जाता जाता हलक्या. त्यावर तर आणखीच मऊ आले. हा तिसरा आणला तेव्हा खोक्यावर चिकटपट्टी दोनदा लावल्याची खूण मला दिसली. योगेश म्हणाला होता, नांदेडहून येताना खोकं फाटलं म्हणून मीच लावली. मी खुणेचा फोटो काढून ठेवला.

तोच फोटो बुधवारी मी आमच्या ग्रुपवर टाकला. जिल्ह्यातले गाणारे-वाजवणारे मिळून दोनशेच्या वर लोक आहेत तिथं, आणि मला तिथं मान आहे, व्यंकटरावांचा मुलगा म्हणून आणि माझा म्हणूनही. मी लिहिलं की हिंगोलीतल्या योगेश राठोड याच्या दुकानातून मला लागोपाठ तीन सदोष नग मिळाले, दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकला जातोय असा माझा दाट संशय आहे, सर्वांनी सावध राहावं. दाट हा शब्द मी नंतर घातला, वजन यावं म्हणून. संध्याकाळपर्यंत पंचवीस-तीस जणांनी अंगठे दाखवले. कुरुंद्याच्या मंडळानं, ज्यांची नवीन कीबोर्ड आणि स्पीकरची मागणी त्याच्याकडं होती, तिथंच जाहीर केलं की आम्ही वसमतला बघतो. योगेशनं एकच ओळ लिहिली होती. सर, रविवारी चार वाजता येतो, नग घेऊन जातो. मला तेव्हा वाटलं, बघा, भांडला नाही. चोराच्या मनात चांदणं.

खरं सांगायचं तर योगेशवर माझा संशय त्याच्या दुकानात पाय ठेवण्याआधीचा होता. दाराशी पाटी वाचली, राठोड म्युझिकल्स, आणि गल्ल्यावरच्या माणसाचं कपाळ बघितलं, रुंद आणि मध्ये एक आठी, तेव्हाच कळलं की हा गुलाबचंदचा मुलगा. त्यानंही मला ओळखलं असणार. दोघंही काही बोललो नाही, त्यानं चहा मागवला. आमच्या घरात गुलाबचंद हे नाव निघालं की पुढं एक वाक्य ठरलेलं होतं: तांड्यावरचा तो, त्यानं आमच्या पेटीचे सूर काढले. माझी आई, गंगूताई, जाईपर्यंत हे वाक्य म्हणायची, तिखट संपलंय म्हणावं तितक्या सहज.

आमच्या गावी, जवळा बाजारला, अण्णा देवळात पेटी वाजवायचे. पगार नव्हता म्हणण्याइतका, पण जागा होती; गाभाऱ्याच्या उजव्या हाताला खांबापाशी त्यांची सतरंजी, तिथं दुसरं कोणी बसत नसे. पेटी जुनी, जर्मन सुरांची. सूर म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, वाऱ्यानं थरथरणाऱ्या. जर्मन सूर आता मिळत नाहीत आणि त्यांचा गोडवा देशी सुरांना येत नाही, असं अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. गुलाबचंद बाजाराच्या दिवशी पोतं अंथरून बसायचा आणि ढोलक्या, पेट्या, बाजे दुरुस्त करायचा. कानाचा इतका पक्का की गर्दीतून चालत गेलेल्या माणसाच्या खांद्यावरची ढोलकी किती उतरलीय ते सांगायचा. मी एकोणीस वर्षांचा होतो, परभणीला कॉलेजात, सुट्टीत घरी आलो की अण्णा कुरकुर करत असायचे. पंचम दबतोय. धैवत घुसमटतो. तीन महिन्यांत तीनदा पेटी गुलाबचंदकडं गेली. तिसऱ्यांदा तो पेटी परत घेऊन आला आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाला, "महाराज, पेटी बराबर हाय. मी भाता धरतो, तुमी बोटं ठेवा, म्या बघतो हाताला काय झालं ते." अण्णांनी दार लावून घेतलं.

त्या दुपारी अण्णा झोपल्यावर मी पेटी उघडली. का उघडली कोणास ठाऊक, संशयाची बाधा तेव्हापासूनच असेल. पंचमाचा आणि धैवताचा सूर जागेवर होता, दोन्हींवर कारखान्याची ती बारीक जर्मन अक्षरं, काळपट पडलेली, आणि बाजूला अण्णांनी स्वतः सुईनं ओढलेली रेघ. कोणी हात लावला नव्हता. मी झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी बाजार. अण्णा पेटी घेऊन भर बाजारात गेले आणि गुलाबचंदच्या पोत्यासमोर उभं राहून म्हणाले की ह्यानं माझे दोन जर्मन सूर काढून देशी बसवले. लोक जमले. गुलाबचंद पेटी उघडून दाखवतो म्हणाला तर अण्णा उघडू देईनात. तेवढ्यात कोणीतरी गर्दीतून बोललं, नाचता येईना अंगण वाकडं, आणि लोक हसले. अण्णांचा चेहरा मी तेव्हा बघितला. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. हा शिकलेला आहे, ह्याला विचारा. मला विचारलं गेलं. मी म्हणालो, दुरुस्तीच्या आधी आवाज चांगला होता. एवढंच म्हणालो. ते खोटंही नव्हतं, म्हणून जास्त खोटं होतं. त्यानंतर जवळ्यात कोणी गुलाबचंदला पेटी दिली नाही. तो कुरुंद्याला हळद शिजवण्याच्या कढईवर कामाला राहिला, असं पुढं कानावर आलं. अण्णांचा हात वर्षभरात मनगटापर्यंत वाळला. शेवटची काही वर्षं ते तो उपरण्याखाली ठेवायचे, आणि भेटायला आलेल्याला सांगायचे, माझी पेटी त्यानं बिघडवली म्हणून मी वाजवणं सोडलं. मला पुष्कळदा वाटलं की त्यांना आधीपासून माहीत असावं. विचारायची हिंमत झाली नाही. आणि विचारलं असतं तर त्यांनी मला उलट विचारलं असतं, तुला काय माहीत होतं.

अनुश्री फडकं वाळत घालून आत आली तेव्हा मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो होतो. ती बालवाडीत शिकवते, तिला लपवलेले हात लगेच कळतात. मी म्हणालो, "रेकॉर्डिंग चालू होतं, बघितलं नाहीस का?" ती म्हणाली, "बघितलं की. म्हणूनच फिरवलं." मला क्षणभर कळेना ती काय बोलून राहिली. "म्हणजे मुद्दाम?" "व्हय. तुमाला बोलून सांगितलं असतं तर माझ्यावरच शंका घेतली असती. महिना झाला, शर्टाचं वरचं बटण मी लावून राहिले. परवा वरणाची वाटी सुटली तर तुमी वाटीलाच शिव्या घातल्या, बुड गोल हाय म्हणाले. त्या पोराचं दुकान बसून राहिलं आणि तुमी चिकटपट्टीचे फोटो काढता." मी म्हणालो की तू मला सापळा लावलास. ती म्हणाली, "लावला. तुमच्या तालमीतच शिकले." आणि भाजी चिरायला गेली. सुरीचा आवाज एकसारखा येत राहिला. मी तो आवाज ऐकत होतो आणि मनात तिचा राग धरत होतो, कारण तोच एक राग त्या वेळी परवडणारा होता.

जेवण झालं. चार वाजायला दोन तास होते. मी सगळ्या वाटा बघून घेतल्या, दाखल्यातल्या फटी शोधतो तशा. योगेश येईल, नग उचलेल, जाईल. मी काही न बोलणं हीच सर्वांत सोपी वाट होती; त्याच्या दुकानाला लागलेला डाग राहील आणि माझा हात झाकलेला राहील. पेटीवर अजून कोणाला कळलं नव्हतं. पेटीची पट्टी हलकी, फुंकरीनं दबेल अशी, आणि डावा हात भाता असा धरतो की उजव्याची उणीव भरून निघते. वर्ष, दोन वर्षं सहज निघतील. अण्णांचीही निघाली होती. दुसरी वाट, लिहिलेलं काढून टाकायचं. पण बुधवारचा मजकूर आता निघत नव्हता, वेळ उलटून गेली होती. तिसरी वाट मला दिसत होती आणि मी तिच्याकडं बघत नव्हतो. ते लिहिलं की उद्यापासून मला ट्रॅकचं काम कोण देईल? सरांचा हात गेला, हे वाक्य हिंगोलीत एका दिवसात फिरतं आणि कळमनुरी, सेनगाव करून संध्याकाळी परत येतं. लोक वाईट म्हणणार नाहीत. लोक हळहळतील, आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतील. मला भीती वाटत होती. बोटांची नंतर, आधी त्या हळहळीची. करंगळी टेबलावर आपटून बघितली. कापूस गुंडाळल्यासारखी लागली. मग मनात आलं की कोपर टेबलावर टेकून चौदा वर्षं दाखले तपासले त्यानं नस दबली असेल, ही साधी गोष्ट असेल, औषधानं बरी होईल. आणि पाठोपाठ हेही आलं की असले दाखले मी किती नाकारले.

योगेश चारच्या आधी पाच मिनिटं आला. एकटाच. चप्पल बाहेर काढली, हातात दोरी होती मोटारसायकलला कीबोर्ड बांधायला. अनुश्रीनं चहा ठेवला. तो म्हणाला, "एकदा बघू का सर, नेण्याच्या आधी? कंपनीला काय सांगायचं ते कळंल." तो उभ्या उभ्याच एका बोटानं पट्ट्या वाजवत गेला, खालपासून वरपर्यंत, अठ्ठ्याऐंशी, नजर पडद्यावर. घाई नव्हती आणि राग दिसत नव्हता. माझ्या दोन पट्ट्यांपाशी तो थांबला, तीन-तीनदा वाजवल्या. सहासष्ट, पासष्ट, सदुसष्ट. मला वाटलं आता तो माझ्याकडं वळून म्हणेल, सर, वाजवा. मी उत्तर जुळवून ठेवलं होतं, अंग बरं नाही म्हणून. तो वळला नाही. लॅपटॉपची वायर काढून गुंडाळू लागला. ह्यानं विचारलं कसं नाही? विचारायला पाहिजे होतं, कोणीही विचारलं असतं. न विचारणारा माणूस एक तर मूर्ख असतो किंवा त्याला माहीत असतं, आणि योगेश मूर्ख नव्हता. त्याला माहीत असेल तर तो हे कुठं वापरणार, कोणाला सांगणार, उद्या सांगणार की वेळ बघून? मी त्याच्या कपाळावरच्या आठीकडं बघत राहिलो.

तो म्हणाला, "पट्ट्या बराबर हायत सर. पण तुमी म्हणता तर तसं. चौथा नग नका मागू एवढंच. बापू म्हणून राहिले, ह्या घरच्या बाज्याला हात लावू नको म्हणलं हुतं तुला. मीच म्हणलं, जुन्या गोष्टी हायत." मग वायरीला गाठ मारत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "कुरुंद्याचं गेलं, दोन शाळांचं गेलं. बाप जवळ्यातून उठला, आता म्या बी हितून उठावं का, असं मिना इचारून राहिली." बापू म्हणजे गुलाबचंद, आणि मिना त्याची बायको असणार. चहा तसाच होता. अनुश्री दारात उभी होती आणि मला तिच्याकडं बघायचं नव्हतं.

मी म्हणालो, "वायर लाव परत." त्यानं लावली. मी बसलो, उजवा हात ठेवला आणि षड्जापासून वर गेलो, नेहमीच्या लयीत. काही झाकलं नाही. झाकायचं ठरवलं असतं तर मध्यमा पुढं सरकवून पंचम घेता आला असता, त्याला कळलंही नसतं; पण मी अण्णांच्या शिस्तीनं गेलो, पंचम अनामिकेनं, धैवत करंगळीनं. अठरा. आठ. पुन्हा. सोळा. नऊ. योगेश पडदा बघत नव्हता. तो माझा हात बघत होता, तळहाताच्या कडेला करंगळीखाली मांस झडून खड्डा पडलाय तिथं. मला वाटलं, आता ह्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल, निदान एक सुटका तरी. मी शोधला. तो फक्त म्हणाला, "दवाखान्यात दाखवलं का सर? नांदेडला नसांचा डॉक्टर हाय. येळ घालवू नका." ह्या वाक्यावरही मी दोन क्षण संशय घेतला. मग माझ्याच संशयाची मला शिसारी आली, तोंडात कडू चव यावी तशी, आणि मी फोन उचलला.

ग्रुपवर लिहिलं, डाव्या अंगठ्यानं. योगेश राठोड यांच्या तिन्ही कीबोर्डांत खोट नव्हती. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांतली ताकद गेली आहे. मी न तपासता आरोप केला, चूक माझी आहे. वाचून बघितलं नाही, नाही तर एखादा दाट शब्द सुचला असता. पाठवलं. योगेशचा फोन खिशात वाजला. त्यानं काढून वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "एवढं कशाला लिहायचं सर, नुसतं नग बराबर हाय लिहिलं असतं तरी भागलं असतं." आणि तो पलीकडं वळला आणि त्यानं बापाला फोन लावला. म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असावं, त्यानं स्पीकर चालू केला आणि आधी आपल्या गोरमाटी बोलीत काही सांगितलं, मग माझा मजकूर मराठीत अक्षर अक्षर वाचून दाखवला. पलीकडं कुठंतरी शेळी ओरडली. मग गुलाबचंदचा आवाज आला, बारीक झालेला, पण मी लगेच ओळखला.

"अन् त्याच्या बापाचं लिहिलंय का?"

योगेशनं फोनवर हात ठेवला. "जाऊ द्या सर. म्हातारं माणूस हाय." मी हात पुढं केला. त्यानं फोन दिला नाही, मग दिला. मी सांगितलं, विश्वजीत बोलतोय. सूर जर्मनच होते, दोन्ही. बाजाराच्या आदल्या दिवशी मी पेटी उघडून बघितली होती. अण्णांची बोटं गेली होती आणि मला तुमच्या बोलण्यावरून ते कळलं होतं. दारातली अनुश्री हे पहिल्यांदाच ऐकत होती. सतरा वर्षांच्या संसारात मी तिलाही सूर चोरीला गेल्याचंच सांगितलं होतं.

"आदल्या दिवशी?" गुलाबचंदनं विचारलं.

"हो."

"म्हंजी तिथं हुबा व्हतास तवा तुला ठाऊक व्हतं."

"ठाऊक होतं."

मला वाटलं शिवी देईल, आणि देवो असं वाटलं. तो म्हणाला, "फोनवर कुणीबी सांगतंय. बाजाराच्या दिवशी ये. जिथं बोललास तिथं बोल." फोन बंद झाला.

योगेश दोरी हाताला गुंडाळत उभा होता. कीबोर्ड न्यायचा की ठेवायचा हे आता कोणी बोलत नव्हतं. माझ्यातल्या कारकुनानं तेवढ्यातही एक फट शोधली. मी म्हणालो, तीस वर्षं झाली त्याला, तेव्हाची माणसं गेली, पोत्याच्या जागी आता मोबाइलची दुकानं आहेत, तिथं ऐकायला कोण राहिलंय?

"बापू हायत ना," योगेश म्हणाला.